विचारलं तर सांगणारा सर्व्हर

प्रस्तावना

ही पुस्तिका चाळणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार, की मध्य प्रदेशातलं सगळं पांढुर्णा व्हॉट्सअ‍ॅपवर असताना एसएमएसचा सर्व्हर मांडायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्याने एकदा खताच्या दिवसांत सोसायटीच्या दारात उभं राहून पाहावं. गाडी आली का, एवढंच विचारायला माणूस खेड्यावरून मोटरसायकल दामटत येतो, 'उद्या या' ऐकतो आणि परत जातो. त्याच्या खिशात फोन असतो, बऱ्याचदा बटणांचा. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट असलाच, तर त्यात त्याचा प्रश्न सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो आणि उत्तर द्यायला तिथे कोणी बसलेलं नसतं. त्याला हवी असते एकच ओळ. ती त्याच्या कामाची असावी आणि तो विचारेल तेव्हा मिळावी. तेवढं करून देणारं सगळ्यांत स्वस्त साधन अजूनही एसएमएस हेच आहे.

एसएमएस सर्व्हर हे नाव भारदस्त आहे, वस्तू साधी आहे. एक जुना संगणक, त्याला यूएसबीतून जोडलेला मोडेम, मोडेममध्ये सिमकार्ड आणि संगणकावर रात्रंदिवस चालू राहणारा एक प्रोग्राम. कोणी त्या सिमच्या नंबरवर 'खत' असं लिहून पाठवलं की प्रोग्राम तो संदेश वाचतो, सोसायटीच्या नोंदीत पाहतो आणि त्याच नंबरवर उत्तर धाडतो. इंटरनेट लागत नाही. विचारणाऱ्याला कोणतं अ‍ॅप उतरवावं लागत नाही.

एसएमएस वाचायची सवय इथल्या शेतकऱ्याला सरकारने आणि बँकांनी आधीच लावून ठेवली आहे. मध्य प्रदेशातल्या सरकारी धान्यखरेदीच्या ई-उपार्जन व्यवस्थेत धान्य घेऊन कधी यायचं ते कित्येक हंगाम एसएमएसनेच कळत असे. केंद्राचं एम-किसान पोर्टल १६ जुलै २०१३ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झालं, ते शेतकऱ्यांना एसएमएसने सल्ला पोचवायलाच. पण या साऱ्यात एक गोष्ट सारखी आहे. कचेरी बोलते आणि शेतकरी ऐकतो. त्याने उलट विचारलं तर ऐकणारं कोणी नाही.

खरं तर एसएमएसचा जन्मच असा एकतर्फी झाला. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या अभियंत्याने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, तो जगातला पहिला एसएमएस. तो फोनवरून गेला नव्हता, संगणकावरून गेला होता, हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. आणि जार्विस यांच्या फोनवर संदेश वाचता येत असला तरी लिहून पाठवायची सोयच नव्हती. म्हणजे आपण या पुस्तिकेत जे मांडायला निघालो आहोत त्याचा अर्धा भाग एसएमएसइतकाच जुना आहे. उरलेला अर्धा, म्हणजे उत्तराचा भाग, हा या पुस्तिकेचा खरा विषय.

तो भाग मराठी मुलखात कोणी नीट करून पाहिला असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणेने. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये गावोगाव संगणक बसवले गेले. आपल्या उसाचं वजन किती भरलं, बिल किती निघालं, खत किती उचललं, हे सभासदाला गावातच कळावं हा हेतू. काही वर्षांत संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला. तेव्हा बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी एक सरळ प्रश्न विचारला: गावातले संगणक जे काम करतात ते साध्या मोबाइलवर एसएमएसने होईल का? सात गावांत आठ महिने चाललेल्या प्रयोगात दिसलं, की होतं. संगणकांची सगळी कामं एसएमएसने झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत जास्त आवडली. त्यांचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं तंत्रज्ञान आता जुनं झालं आहे, पण संगणक विकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी वाचायला द्यावा असं मला वाटतं.

याच सुमारास, २००७ मध्ये, रॉयटर्सने महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी पैसे भरून घ्यायची एसएमएस सेवा काढली होती. बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, सगळं मराठीत. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तिची पाहणी केली. २०१२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की सेवा घेणाऱ्यांना मिळालेल्या भावात ठळक म्हणावा असा फरक पडला नाही. हा निष्कर्ष वाचून एसएमएसला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. मला त्यात वेगळं दिसतं. दूरच्या बाजाराचा भाव कळला म्हणून माल तिथे नेता येतोच असं नाही. गाडी, उधारी, व्यापाऱ्याशी असलेला पिढ्यांचा व्यवहार हे सगळं आड येतं. वारणेच्या सभासदाला मात्र त्याच्या स्वतःच्या उसाचं वजन कळत होतं. त्यावर तो लगेच भांडू शकत होता. तेव्हा सर्व्हर मांडण्याआधी ठरवायचं ते हे, की लोक आज कशासाठी हेलपाटा घालतात. तेच उत्तर सर्व्हरमध्ये भरावं. आपल्याला काय सांगावंसं वाटतं हा विचार नंतरचा.

एका संगणकावर हे चालेल का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी परदेशातलं एक उदाहरण. केन बँक्स या ब्रिटिश माणसाने २००५ मध्ये फ्रंटलाइन-एसएमएस नावाचा प्रोग्राम तयार केला, तो लॅपटॉप आणि केबलने जोडलेला फोन एवढ्यावर चालत असे. मलावीतल्या नामिटेटे गावच्या सेंट गॅब्रिएल रुग्णालयाने तो घेतला आणि पायी फिरणाऱ्या आरोग्यसेवकांना साधे फोन दिले. औषध संपलं, रोगी दगावला, अमक्या घरी जायला हवं, हे सारं त्या एका लॅपटॉपशी बोलून चालू लागलं.

आता प्रोग्राम कोणता घ्यायचा, यावर या पुस्तिकेत फार घोळ घातलेला नाही. फुकट आणि खुली अशी तीन नावं पुरेशी आहेत. एसएमएस सर्व्हर टूल्स हा सगळ्यांत साधा: एका फोल्डरमध्ये संदेशाची फाइल टाकली की तो पाठवतो, आलेला संदेश दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवतो. गॅमू आणि त्याचा सतत चालणारा जोडीदार गॅमू-एसएमएसडी हे आलेले-गेलेले संदेश डेटाबेसच्या तक्त्यांत लिहितात, त्यामुळे हिशेब ठेवणं सोपं जातं. तिसरा कॅनेल. तो १९९९ च्या सुमारास फिनलंडमधल्या हेलसिंकीत वापिट नावाच्या कंपनीने सुरू केला. त्याचा एक भाग मोडेमशी किंवा मोबाइल कंपनीच्या केंद्राशी बोलतो, दुसरा आपल्या प्रश्नोत्तरांचं बघतो, आणि दोन्ही वेगवेगळे सुरू करावे लागतात. दुसरा भाग आधी सुरू करून 'जोडलंच जात नाही' म्हणणारे नवखे बरेच भेटतात. माझं मत विचाराल तर गॅमूपासून सुरुवात करा. एका सिमच्या कामाला कॅनेल फार मोठा पडतो.

प्रोग्राम बसवायला अर्धा तास लागतो. मग तो चालत नाही. पुस्तिकेची दोनतृतीयांश पानं त्या चालत नसण्यावर खर्च झाली आहेत आणि ती तशीच व्हायला हवी होती. आपल्याकडे कोणी फोन करून विचारतो, "भाऊ, मॅसेज काहून नाही येऊन राह्यला?" आणि आपण लगेच प्रोग्रामची कॉन्फिगरेशन फाइल उघडून बसतो. दोष तिथे क्वचित असतो. शोध नेहमी खालून वर घ्यावा: आधी वीज, मग केबल आणि पोर्ट, मग सिम, मग सिग्नल, मग नेटवर्कवरची नोंदणी, मग संदेश केंद्राचा नंबर, आणि हे सगळं जागेवर असेल तरच प्रोग्राम.

विजेचं उदाहरण घ्या. जुन्या यूएसबी पोर्टातून ५०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट घेण्याची मुभा नसते, आणि टॉवर दूर असला की मोडेम संदेश पाठवताना जोर लावतो. त्या क्षणी तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. वर पाहणाऱ्याला वाटतं, की संदेश गेला नाही, प्रोग्राम बिघडला. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब लावला की हा आजार जातो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापलेला मोडेमही असाच वागतो. लोडशेडिंगचं काय, म्हणाल, तर जुना लॅपटॉप हाच उत्तम सर्व्हर. बॅटरी त्याच्या पोटातच असते.

पोर्टाची गंमत वेगळी. बाजारात मिळणारे बरेचसे डोंगल संगणकाला लावले की आधी 'मी सीडी आहे' असं सांगतात, कारण विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर त्यांच्यातच भरलेलं असतं. लिनक्सवर यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम त्यांना मोडेम व्हायला लावतो. ते झालं, की मोडेम-मॅनेजर नावाचा दुसरा प्रोग्राम पोर्ट अडवून बसतो आणि गॅमूला तो मिळत नाही. त्याला बंद करायचं. मग कळतं, की आपल्या वापरकर्त्याला डायलआउट गटात घातलेलंच नाही, म्हणून परवानगी नाही. तेही झालं, की संगणक पुन्हा सुरू केल्यावर पोर्टाचा क्रमांक बदललेला असतो. पोर्टाला क्रमांकाऐवजी कायमचं नाव द्यायची रीत पुस्तिकेत सविस्तर दिली आहे, ती वगळू नका.

मोडेमशी थेट बोलता येतं, हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं. 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञांची ही भाषा टेलिफोन मोडेमच्या काळापासून चालत आली आहे. एटी+सीएसक्यू विचारलं की सिग्नल कळतो: ० ते ३१ मधला आकडा, आणि ९९ आला तर मोडेमला काहीच उमगलेलं नाही. एटी+सीपिन विचारलं की सिम पिन मागतंय का ते कळतं. एटी+सीएससीए विचारलं की संदेश केंद्राचा नंबर मिळतो. हे केंद्र म्हणजे मोबाइल कंपनीची टपाल कचेरी: आपला संदेश आधी तिथे जमा होतो आणि घेणारा सापडेपर्यंत तिथेच थांबतो. म्हणूनच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेला जाम नदीच्या काठी पांढुर्णा आणि सावरगावची गर्दी उसळते आणि नेटवर्क गुदमरतं, तेव्हा 'पोचला नाही' म्हणून तोच संदेश पुन्हापुन्हा पाठवत बसू नये. पहिला जमा झालेला असतो. नेटवर्क मोकळं झालं की सगळेच एकदम जाऊन पडतात.

पण इथल्या माणसाने सगळ्यांत नीट वाचावी अशी आज्ञा एटी+सीरेग. ती नेटवर्कवरची नोंदणी सांगते. उत्तर १ आलं तर मोडेम आपल्या घरच्या नेटवर्कवर आहे, २ म्हणजे शोधतो आहे, ३ म्हणजे नाकारला गेला आणि ५ म्हणजे रोमिंग. मुंबई-पुण्याच्या माणसाला ५ सहसा दिसत नाही. आपल्याला दिसतो, आणि त्याचं मूळ १ नोव्हेंबर १९५६ मध्ये आहे. त्या दिवसापर्यंत पांढुर्णा आणि सौसर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिला. पुढे मोबाइलची सर्कल पडली ती बहुतांशी राज्यांच्या सीमांवरून. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा सौसर तहसिलीसह वेगळा जिल्हा झाला, तरी सर्कल मध्य प्रदेश-छत्तीसगडचंच. वरूड, नरखेड, सावनेर हाकेच्या अंतरावर आणि महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये. टॉवरच्या लहरींना सीमारेषा दिसत नाही, त्यामुळे काठावरच्या गावात मोडेम कधी या सर्कलचा टॉवर धरतो, कधी त्या.

रोमिंगचा दर ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती हेलकाव्याची. मोडेम एक टॉवर सोडून दुसरा शोधत असतो तेवढ्या वेळात पाठवलेला प्रत्येक संदेश ३३१ क्रमांकाची चूक घेऊन परत येतो, म्हणजे 'नेटवर्क नाही'. दिवसातून कैकदा असं झालं की सर्व्हर मध्येच बहिरा होतो आणि कारण कोणाला सापडत नाही, कारण पाहायला जावं तेव्हा सिग्नल उत्तम असतो. यावर एटी+कॉप्स या आज्ञेने मोडेमला आपल्या सर्कलचंच नेटवर्क धरून ठेवायला सांगता येतं. मात्र पूर्ण सक्ती करू नये. आपला टॉवर बंद पडला तर सर्व्हर मुका होईल. त्या आज्ञेचा ४ क्रमांकाचा प्रकार 'आधी हेच, न मिळाल्यास कोणतंही' असा आहे, तो वापरावा. आणि मोडेमचा अँटेना खिडकीपाशी, आपल्या टॉवरच्या दिशेला.

सिम कोणतं, हेही इथेच सांगून टाकतो. जिओच्या नेटवर्कवर २जी-३जी नाहीच, त्यामुळे जुना ३जी डोंगल त्या सिमवर काही करणार नाही. एअरटेलने २०२० च्या सुमारास ३जी बंद केलं. तिथे जुना डोंगल २जीवर उतरतो आणि एसएमएसला तेवढं पुरतं. ४जी मोडेम नवा घ्यायचा तर तो एसएमएस पाठवतो आणि घेतो, याची दुकानातच खात्री करून घ्या. काही नुसते डेटापुरते असतात. आणि रिचार्जमध्ये रोजचे १०० एसएमएस ही मर्यादा बहुतेक ठिकाणी असते, ती लक्षात ठेवूनच उत्तरांचा हिशेब करा.

आता अक्षरांचा प्रश्न. मराठीत सर्व्हर मांडणाऱ्याला याच्या इतकं कशानेच छळलं नसेल. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरं सात बिटांत बसवली की १६० होतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून ७०. आणि चिन्ह म्हणजे डोळ्याला दिसणारं अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. 'सौसर' ही तीन अक्षरं चार चिन्हांची. 'पांढुर्णा' हीसुद्धा तीनच अक्षरं, पण चिन्हं नऊ. 'आज पांढुर्णा मंडीत कापसाचा लिलाव सकाळी ११ वाजता' एवढ्या वाक्यात मोकळ्या जागा धरून ४७ चिन्हं होतात, शिल्लक २३. त्यात नमस्कार आणि धन्यवाद बसवायला गेलात तर संदेश दोन तुकड्यांचा होतो, आणि तुकडे जोडायची माहितीही त्यातच कोंबायची असल्याने मग प्रत्येक तुकड्यात ६७च चिन्हं मावतात. दोन तुकडे म्हणजे रोजच्या १०० मधले दोन गेले. काटकसरीने लिहिणं इथे सक्तीचं आहे. काहींच्या मराठीला ते मानवतंही.

उलटी गंमत इंग्रजी संदेशात होते. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं, ते एसएमएसच्या मूळ रोमन वर्णमालेत नाही. इंग्रजी मजकुरात ते एकदा जरी टाकलं तरी सगळा संदेश १६० वरून ७० वर येतो. भाव सांगणाऱ्या सर्व्हरवर ही चूक हमखास होते. 'रु.' लिहावं आणि सुटावं.

मराठी संदेश बिघडून पोचला तर बिघाडाचं रूप नीट पाहा, कारण ते रूपच कारण सांगतं. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली असतील तर आपल्या प्रोग्रामने देवनागरी मजकूर रोमन वर्णमालेत कोंबून पाठवला. गॅमूला युनिकोड पाठव असं सांगायचं राहिलं, किंवा कॅनेलला कोडिंग सांगायचं राहिलं. चौकोन आले असतील तर आपलं सगळं बरोबर आहे, घेणाऱ्याच्या फोनमध्ये देवनागरी फाँट नाही. आणि डोक्यावर टिंबं-टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं आली असतील, तर यूटीएफ-८ चा मजकूर मध्ये कुठेतरी दुसऱ्याच पद्धतीने वाचला गेला. बहुधा डेटाबेसच्या जोडणीत. ही तीन लक्षणं एकमेकांत मिसळून दिवस वाया घालवणारे चांगले जाणते लोक असतात.

येणाऱ्या संदेशांत अडचण आणखी वेगळी. आपल्याकडचा माणूस 'भाव' देवनागरीत लिहील, रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहील, मध्येच हिंदी वळणाने लिहील. गावाचं नाव पांढुर्णा, पांढुरना, पांढुर्ना. सौसर आणि सौंसर. आकडे कधी मराठी, कधी इंग्रजी. 'ऱ्या'सारखं अक्षर दोन फोनवरून दोन वेगळ्या चिन्हक्रमांत येऊ शकतं आणि डोळ्याला मात्र सारखंच दिसतं. सर्व्हरने हे सगळं एकाच अर्थाने घ्यायला हवं. 'चुकीचा शब्द, पुन्हा पाठवा' असं उत्तर देणाऱ्या सर्व्हरला लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. ज्यांना लिहिणंच जड जातं त्यांच्यासाठी मिस्ड कॉलची सोय ठेवावी. गॅमूला आलेल्या कॉलवर ठरलेलं काम करायला सांगता येतं.

सर्व्हर पाठवतो पण घेत नाही, हा आजार इतका नेहमीचा आहे, की त्यावर वेगळं प्रकरण लिहिलं आहे. सिमकार्डावर मोजकेच संदेश मावतात. प्रोग्रामने वाचलेले संदेश पुसले नाहीत, तर जागा भरते आणि नवे संदेश दाराबाहेरच थांबतात. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीच ती जागा भरून टाकतात. दुसरा नेहमीचा आजार त्याच्या उलट: आपला सर्व्हर दुसऱ्या स्वयंचलित नंबरला उत्तर देतो, तो याला देतो, आणि सकाळपर्यंत रिचार्ज संपतो. एकाच नंबरला तासाभरात किती उत्तरं द्यायची याची मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी. अक्षरी नावाने आलेल्या संदेशांना तर उत्तर देऊच नये. ते जात नाही, नुसती चूक नोंदवली जाते.

कायद्याविषयी दोन शब्द, पण ते गंभीरपणे घ्यावेत. सिम लावलेला मोडेम हे हजारोंना जाहिराती पाठवायचं साधन नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ पासून एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली, आणि खाजगी संदेशांपुरती ती दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येच्या लोकांबद्दल अफवा पसरल्या तेव्हा तर सरकारने काही दिवस पाच एसएमएसची मर्यादा आणली होती. आजची व्यवस्था २०१८ च्या नियमांची आहे. संस्थेने नोंदणी करायची, आपलं अक्षरी नाव मिळवायचं आणि संदेशाचे नमुने आधी मंजूर करून घ्यायचे. मार्च २०२१ मध्ये नमुन्यांची छाननी सक्तीने सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ती थोडे दिवस थांबवावी लागली. नोंदणी न करता साध्या नंबरवरून प्रचार करणाऱ्याची १९०९ वर तक्रार झाली, तर नंबर बंद होतो. तेव्हा सोसायटीला सगळ्या सभासदांना नियमित निरोप पाठवायचे असतील तर रीतसर नोंदणी करून मोबाइल कंपनीच्या केंद्राशी एसएमपीपी पद्धतीने जोडून घ्यावं. कॅनेल तिथे शोभतो, आणि शेवटची दोन प्रकरणं त्यासाठी आहेत. बाकी सगळी पुस्तिका, विचारणाऱ्याला उत्तर देणाऱ्या लहान सर्व्हरची आहे.

लोकांचे नंबर आणि त्यांचे प्रश्न आपल्या संगणकावर साठतात हेही विसरू नये. कोण कर्जाबद्दल विचारतो, कोणाचं बिल अडकलं आहे, हे गावात फुटायला वेळ लागत नाही. कॅनेलच्या नमुना फाइलमधला पासवर्ड तसाच ठेवून संगणक इंटरनेटला जोडणं म्हणजे आपल्या सिमवरून कोणालाही काहीही पाठवायची मुभा देणं आहे. जुन्या नोंदी ठरलेल्या मुदतीने पुसाव्यात.

पुस्तिकेत चित्रं कमी आणि चुकांच्या क्रमांकांचे तक्ते जास्त आहेत, ते जाणूनबुजून. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, रोज पाहणाऱ्याला हे तक्ते लवकरच पाठ होतील. आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. त्या परिशिष्टात मोठ्या अक्षरांत आहेत. पहिलं प्रकरण उघडण्याआधी एवढं करून ठेवा: सिम संस्थेच्या नावावर घ्या, ते साध्या फोनमध्ये घालून पिनची मागणी बंद करा, त्यातले जुने संदेश पुसा आणि त्या फोनवरून एक संदेश पाठवून, एक मागवून पाहा. साध्या फोनमध्ये जे सिम चालत नाही ते मोडेममध्येही चालणार नाही.